ऋण कोणाचे? विटाळाची कल्पना आणि मुलींची शाळा

मासिक पाळीचे दारिद्र्य म्हणजे पॅड विकत घेण्यापुरते पैसे नसणे, असा अर्थ सहसा घेतला जातो. परंतु कापड धुण्यास पाणी नसणे, ते उन्हात उघड्यावर वाळत घालण्याची मोकळीक नसणे, शाळेत आतून कडी लागणारे शौचालय नसणे, वापरलेले पॅड टाकण्यास जागा नसणे आणि आपल्या शरीरात काय घडते आहे हे सांगणारे माणूस नसणे, या सर्व उणिवा त्या संज्ञेत येतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महागाव तालुक्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या प्रदेशात या उणिवा मुलीला गाठतात त्या तिच्या शिक्षणाच्या नेमक्या वळणावर. गावातली किंवा तांड्यावरची शाळा अनेकदा खालच्या इयत्तांपुरतीच असते, पुढच्या वर्गांसाठी मोठ्या गावी जावे लागते, आणि हे जाणे ज्या वयात सुरू होते त्याच सुमारास पाळीही सुरू होते. शिवाय 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंतच पुरते. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे एस. टी. चा प्रवास मोफत होतो, पण बसमधून उतरल्यावर ज्या शाळेत दिवस काढायचा तेथील नळ कोरडा असेल, तर त्या चार दिवसांत घरी राहणेच तिला सुरक्षित वाटते. अशा मुलीची सोय करणे हे दान आहे की ऋण, हा धर्मविचाराचा प्रश्न आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. ऋण न फेडल्यास दोष लागतो.

विटाळाच्या नियमांचा सर्वांत जुना वैदिक आधार तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात सापडतो. इंद्राने त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याचा वध केला, त्या ब्रह्महत्येचे पातक वर्षभर वाहिल्यावर त्याने त्याचे तीन वाटे केले आणि पृथ्वी, वृक्ष व स्त्रिया यांना ते घेण्याची विनंती केली, अशी ती कथा आहे. प्रत्येकाने मोबदल्यात वर मागितला: पृथ्वीने खोदलेली जागा वर्षाच्या आत भरून यावी असा, वृक्षांनी छाटल्या जागी अधिक फुटवे यावेत असा, आणि स्त्रियांनी संततीचा. पृथ्वीचा वाटा उजाड, भेगाळ जमीन झाला, वृक्षांचा डिंक झाला, स्त्रियांचा रजस्राव झाला. आणि त्यापाठोपाठ रजस्वलेशी बोलू नये, तिच्यासह बसू नये, तिचे अन्न घेऊ नये, असे तीन रात्रींचे निर्बंध सांगितले गेले.

ही कथा श्रद्धेने स्वीकारली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष रूढ आचाराच्या उलट आहे. पाप इंद्राचे आहे. स्त्रियांनी ते केलेले नाही, दुसऱ्याच्या मुक्ततेसाठी उचललेले आहे. जो दुसऱ्याचे ओझे वाहतो त्याचे इतरांवर ऋण चढते, ही गोष्ट कोणत्याही धर्मशास्त्राला मान्य करावी लागेल. मग ऋणकोच धनकोला उंबऱ्याबाहेर बसवतो, हा न्याय कोठला? उन्हाळ्यात महागावची काळी जमीन भेगाळते तेव्हा तिला कोणी शेतकरी अपवित्र मानत नाही, उलट त्या भेगांत पावसाचे पाणी मुरावे म्हणून तो वाट पाहतो. तांबडा डिंक खाऊ नये असे त्याच ग्रंथात सांगितले आहे, तरीही डिंकाचे लाडू बाळंतिणीला आवर्जून दिले जातात. तीन वाटेकऱ्यांपैकी दोघांवरील निर्बंध समाजाने व्यवहारात सोडून दिले आणि तिसरीवरचे मात्र जपले. इतकेच नव्हे, तर ऋषिपंचमीच्या व्रतात रजस्वला काळात घडलेल्या स्पर्शदोषाचे प्रायश्चित्तही तिच्याकडूनच करून घेतले. निवड ग्रंथाने केली नाही, समाजाने केली, आणि म्हणून ती बदलण्याचे उत्तरदायित्वही समाजाचेच ठरते.

मराठी धर्मपरंपरेत हे बदलण्याचे धैर्य फार पूर्वी दिसले आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी, महानुभाव परंपरेच्या सांगण्यानुसार, नाकातून शेंबूड यावा तसाच हा देहाचा एक स्राव आहे, अशी भूमिका घेऊन आपल्या शिष्यांना विटाळ पाळण्यापासून परावृत्त केले. त्या पंथात दत्तात्रेय प्रभूंचे तीर्थ मानले जाणारे माहूर महागावपासून दूर नाही, पैनगंगेपलीकडेच आहे. चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. देहाची उत्पत्तीच ज्यातून होते ते अशुद्ध असेल, तर शुद्ध म्हणवणारा देह कोठून आणायचा, हा त्यांच्या अभंगाचा मुद्दा आहे, आणि तो जातीचा विटाळ व स्त्रीचा विटाळ यांना एकाच वेळी भिडतो. त्याच माहूरच्या रेणुकेच्या उपासनेचा शोध घेताना रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात देवीचे मूळ सृजनशील भूमीत, वारुळात, म्हणजे पृथ्वीच्या योनीच्या प्रतीकात दाखवले. जी जननशक्ती गडावर पूजली जाते, तिचीच खूण असलेली मुलगी गडाच्या पायऱ्यांवर थांबवली जाते, ही विसंगती भक्तांच्या मनाला टोचली पाहिजे.

हीच विसंगती न्यायालयापुढेही आली. सर्वोच्च न्यायालयातील शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रकरणात 28 सप्टेंबर 2018 रोजी दिलेल्या स्वतंत्र निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून स्त्रीला वगळणे हे राज्यघटनेच्या कलम 17 ने निषिद्ध केलेल्या अस्पृश्यतेचेच रूप आहे, असे म्हटले. सोयराबाईंनी जोडलेले दोन विटाळ येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा एकत्र आले, जरी त्या खटल्यातील प्रश्न पुढे मोठ्या पीठाकडे गेले.

त्याच वर्षी 8 मार्चला महाराष्ट्र शासनाने अस्मिता योजना सुरू केली; जिल्हा परिषद शाळांतील किशोरींना आठ पॅडचे पाकीट 5 रुपयांत, तेही गावातील बचत गटांमार्फत देण्याची ती योजना होती. तिचे मोल मोठे आहे, पण पॅड देताच हजेरी वाढेल ही अपेक्षा तपासून घ्यावी लागते. नेपाळमध्ये ऑस्टर आणि थॉर्नटन या संशोधिकांनी केलेल्या प्रयोगात पाळीमुळे बुडणारी शाळा 180 दिवसांच्या वर्षात अर्ध्या दिवसाहूनही कमी आढळली, आणि साधन दिल्याने त्यात फरक पडला नाही. हा निष्कर्ष सर्वत्र लागू होईल असे नाही. तरीही तो महत्त्वाचा आहे, कारण हजेरीच्या आकड्यावर उभारलेली मदत आकडा न हलल्यास काढून घेता येते. अमर्त्य सेन यांचा क्षमताविचार, म्हणजे वस्तू हातात असणे आणि तिच्या आधारे हवे ते करता येणे यांतील अंतर मोजणारा विचार, येथे उपयोगी पडतो. कडी नसलेल्या शौचालयात पॅड असून बदलता येत नाही. आणि मुलगी वर्गात हजर असली तरी डाग पडेल या भीतीने फळ्यापाशी उठून जात नसेल, तर हजेरीपटावरील तिची खूण तिच्या शिकण्याविषयी काहीच सांगत नाही. ऋण हजेरी वाढो वा न वाढो फेडायचे असते.

ते फेडण्याचे ठिकाण गावातच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. त्या सभेत शाळेतील नळ, कडी आणि पॅडच्या विल्हेवाटीचा खड्डा यांचा ठराव झाला, तरी तो पुढे ग्रामसभेत, पुरुषांच्या देखत, ‘अडचण’ किंवा ‘कावळा शिवला’ असे आडून न बोलता ‘पाळी’ या शब्दातच वाचला गेला पाहिजे. कारण ज्या खर्चाचे नाव घेता येत नाही, तो अंदाजपत्रकात लिहिला जात नाही.