सांताला पत्र आणि चौथे शील



डिसेंबर लागला की इथल्या आपल्या घरांतली जेवणाची टेबले ओळखू येत नाहीत. गोंदाच्या डब्या, कापूस, रंगीत कागदाचे कपटे, टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, आणि कणीक मळायला घेतली तर परातीतही सापडणारी चमकी. शाळेतून रोज काहीतरी करून आणायला सांगतात. आज कागदाची साखळी, उद्या चांदणी, परवा कापसाची दाढी लावलेला सांता. तुमच्याकडेही हेच चालले असेल. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिने सांताला पत्र लिहिले, पाकिटावर बटाट्याचा ठसा मारून तिकीटही स्वतःच बनवले आणि ते माझ्या हातात देऊन विचारले, "आई, हे त्याला खरंच मिळतं ना?"

"हो" अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी वाचले.

आपल्या मंडळींत दरवर्षी या दिवसांत वेगळाच वाद रंगतो. बौद्धांच्या मुलांनी नाताळच्या वस्तू कराव्यात की नाही? कुणी बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देतात, तर कुणी म्हणतात, मुलांना वर्गात एकटे पाडू नका. खरे सांगायचे तर हा वाद मला फार मोठा वाटत नाही. कागदाची चांदणी कापल्याने कुणाची पूजा होत नाही. शेजाऱ्यांच्या सणात त्यांच्या मुलांसोबत कागद चिकटवल्याने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांना कुठे धक्का लागतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही. पण त्याच प्रतिज्ञांमध्ये खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले चौथे शील तेच. वंदनेला बसलो की माझी मुलगीही हात जोडून ते पालीत म्हणते, माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणते. मग पाकीट हातात घेऊन ती विचारते तेव्हा मी काय म्हणायचे?

मज्झिम निकायात राहुलला केलेला एक उपदेश आहे. भगवान राजगृहाला वेळुवनात राहत होते आणि राहुल जवळच अंबलट्ठिकेत. अट्ठकथा सांगते की तो तेव्हा सात वर्षांचा होता. भगवान भेटायला आले, राहुलने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी राहू दिले आणि ते त्याला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यात श्रमणपण एवढेच उरते, असे ते म्हणाले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले. थट्टेतसुद्धा खोटे बोलणार नाही असे शीक, हे त्याला तिथेच सांगितले. सम्राट अशोकाने भिक्षू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे थोडे धम्मग्रंथ बैराटच्या शिलालेखात नावानिशी नोंदवले, त्यांत खोटे बोलण्याविषयीचा हा राहुलोवाद आहे.

मला या सुत्तात दोन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे सात वर्षांच्या मुलाला शिकवायला घरातले भांडे पुरले. दुसरी म्हणजे 'थट्टेतसुद्धा'. सांता ही थट्टाच नाही का? मग मी भातुकली आठवली. मुलगी रिकामी कपबशी देते, मी फुंकर घालून चहा पिते, साखर कमी आहे म्हणते. हे खोटे नाही, कारण कप रिकामा आहे हे तिलाही माहीत असते, मलाही. मी खरोखरच साखरेचा डबा आणायला उठले तर ती खो खो हसेल. सांताच्या बाबतीत मात्र कप रिकामा असल्याचे फक्त मोठ्यांना ठाऊक असते. आपण एकमेकांकडे बघून हसतो आणि ती विश्वास ठेवते. ज्यातले अर्धे खेळाडू खेळतच नाहीत, त्याला मी खेळ म्हणू शकत नाही.

माझ्या मैत्रिणीला हे पटले नाही. "चार वर्षं असतात गं ती, जादूची. तेवढीही काढून घेणार?" तिचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही. ती वाईट आई नाही, उलट माझ्यापेक्षा शांत आहे.

शेवटी मी मुलीला सांगितले की पत्र मीच वाचणार आहे. सांता हा इथल्या लोकांचा मोठा खेळ आहे, त्यात मोठी माणसे सांता होतात. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग दाढी तू लावणार?" लगेच कापूस मोजायला लागली. मी सुटकेचा श्वास टाकला तोच दुसरा प्रश्न आला. "मागच्या वर्षी गाजर कुणी खाल्लं?"

"मी."

"तू म्हणालीस रेनडिअरने खाल्लं."

त्यावर ती काही वेळ गप्प राहिली. रडली नाही, चिडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. त्या अर्ध्या मिनिटात मला राहुलच्या भांड्यातले पाणी फार थोडे दिसले.

आता ती शाळेत जाऊन सगळ्यांना सांगेल, ही माझी पुढची काळजी. इथे अभयराजकुमाराचे सुत्त कामाला आले. अभयच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या बाळाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर काय करशील? अभय म्हणाला, काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची कणव आहे. बोलण्याचेही तसेच, हे भगवंतांनी समजावले. बोलणे खरे हवे, हिताचे हवे, आणि त्याची वेळही ओळखायला हवी. मुलीला मी एवढेच सांगितले की दुसऱ्या मुलांना सांगायचे काम त्यांच्या आईबाबांचे. कुणी थेट विचारले तर "तुझ्या आईला विचार" म्हण. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

पण हे वाक्य किती सोयीचे आहे, ते मला चार दिवसांनी कळले.

आपल्याला २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन दिन. तेव्हा म्हटले, सांता झाला, आता आपलेही काही करू. बुटाच्या खोक्यात निळ्या क्रेप कागदाचे चवदार तळे केले, आइसक्रीमच्या काड्यांच्या पायऱ्या, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांची माणसे. एक कागदाची होडीही झाली, कारण दहनाच्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरून महाडला गेले होते. मी सांगत होते आणि ती चिमट्यांना डोळे काढत होती. नगरपालिकेने तळे १९२४ मध्येच ठराव करून सर्वांना खुले केले होते, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

"त्यांना आधी का पिऊ देत नव्हते?"

"जुन्या काळी काही लोक वाईट वागायचे."

"आपण कुठल्या लोकांत होतो?"

मी म्हणाले, "तेव्हा सगळ्यांनाच त्रास होता."

वाचकहो, रेनडिअरचे खोटे मी तिला आनंद व्हावा म्हणून बोलले होते. हे मात्र मी स्वतःसाठी बोलले. याआधी उन्हाळ्यात एका मराठी घरी जेवायला गेलो असता एका काकूंनी आधी आडनाव विचारले, मग गाव, मग "म्हणजे मूळचे कुठले?" तेव्हा मी घाईने वरणाची चव कशी झालीय ते सांगू लागले होते. मुलगी माझ्या शेजारीच ताट घेऊन उभी होती. आपल्यापैकी किती जणांनी परदेशात असे वरण वाढून घेतले आहे, ते आपले आपल्यालाच माहीत. 'अजून लहान आहे' म्हणताना कुणाची वेळ आली नाही, तिची की माझी? तिने तर विचारले होते. प्रश्न आला म्हणजे खडा तोंडात गेलेलाच आहे.

दुसऱ्या दिवशी खोके पुन्हा टेबलावर घेतले. सांगितले, आपण पाणी न मिळणाऱ्यांत होतो. माझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत ती घागर घेऊन उभी राहायची. मुलीने जातीचे काही विचारले नाही. तिने विचारले, "कुणी आलंच नाही तर?" मग एका चिमट्याला साडी म्हणून चॉकलेटचा कागद गुंडाळला आणि तिला तळ्याच्या काठावर सगळ्यांत पुढे उभे केले.

पुस्तक का जाळले, हे सांगणे जास्त अवघड गेले. शाळेत पुस्तकाचे पान दुमडले तरी बोलणी बसतात, आणि इथे मोठी झाल्यावर ती १९३३ साली नाझींनी केलेल्या पुस्तकांच्या होळीविषयी शिकेल. तो फरक आपणच नीट समजून घ्यायला हवा. बाबासाहेबांनी दहनाची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली होती. कुणाचे वाचन बंद पाडण्यासाठी नव्हे, तर माणसाला जन्मावरून हलका ठरवणारा नियम आम्ही मानत नाही हे जाहीर करण्यासाठी ते होते. सहा वर्षांच्या मुलीला मी म्हटले, त्या पुस्तकात लिहिले होते की काही माणसे कमी, काही जास्त. तिला जास्त आवडले ते पुढचे. परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, आणि दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. फत्तेखानांसाठी तिने सर्वांत मोठा चिमटा निवडला. सहस्रबुद्धे हे नाव मात्र तिला अजून एका दमात म्हणता येत नाही.

माझ्या आईने हे सगळे नागपूरहून व्हिडिओ कॉलवर पाहिले. तिचे पहिले वाक्य: "क्रेप कागद त्या गोंदाने सुटेल, मैद्याची खळ कर." भीमजयंतीला वस्तीत निळ्या पताका सुतळीवर चिकटवण्यात तिचे बालपण गेले. खळ पातळ झाली तर कागद ओला होऊन फाटतो, हे तिने दोनदा बजावले.

आता टेबलावर कापसाची दाढी आहे आणि तिच्याशेजारी तळ्याचे खोके. मुलीला ते जानेवारीत शाळेत न्यायचे आहे. शाळेत प्रत्येक वस्तूवर एका ओळीची चिठ्ठी लावतात, ही काय आहे म्हणून. आम्ही तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि तीनही फाडल्या. पहिलीत माझी आजी नव्हती. दुसरीत होती, पण ती का उभी आहे ते नव्हते. तिसरीत सगळे होते, पण ती मी लिहिली होती, मुलीने नव्हे. तुमच्या घरी अशी चिठ्ठी लिहायची झाली तर काय लिहाल, ते पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.