उद्यांची भाकर

उद्यांची चिंता करूं नका, असें येशू ख्रिस्तानें डोंगरावरील प्रवचनांत शिष्यांस सांगितलें, आणि त्यासाठीं आकाशांतील पांखरांचा व रानांतील फुलांचा दाखला दिला. हें वचन ऐकून पेण-रोह्याकडील शेतकरी काय म्हणेल? पेणच्या खाडीकांठच्या खारजमिनींत उद्यांच्या भरतीची चिंता आज केली नाहीं, तर बांध फुटून खारें पाणी शेतांत शिरतें. भाताचें पीक तर जातेंच, पण जमीनही पुढें कांहीं वर्षें कामांतून जाते. पांखरें पेरीत नाहींत हें खरें, परंतु पांखरांस बांधही घालावा लागत नाहीं. तेव्हां हें वचन संसारी माणसासाठीं आहे कीं केवळ विरक्तांसाठीं, असा प्रश्न उत्पन्न होतो व तो ख्रिस्ती मंडळींतही वारंवार विचारला गेला आहे. आमच्या मतें तो थोडा निराळ्या रीतीनें विचारावयास हवा. देवावर भरंवसा ठेवून एकानें हातचें सर्व देऊन टाकलें, आणि देवाकडून वेळेवर कांहीं आलें नाहीं, तर त्या दिवशीं उपाशी कोण राहतें?

महाराष्ट्रांत हा प्रश्न ज्या घरीं प्रत्यक्ष नांदला तें घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें. कोकणांतील करजगांवीं 1861 सालीं जन्मलेल्या या कवीनें 1895 सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें 1917 सालीं, मिशनच्या पगारावर जगणारा उपदेशक आपल्या लोकांस परका वाटतो असें मनांत येऊन, त्यांनीं ती नोकरी सोडली, साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि उरलेलें आयुष्य केवळ देवाच्या भरंवशावर काढावयाचें ठरविलें. 1919 सालीं ते वारले. परंतु देऊन टाकण्याची त्यांची वृत्ति कांहीं 1917 सालीं जन्मली नव्हती. हातीं पैसा आला कीं तो दुसऱ्याच्या हातीं जावयाचा; अनाथ मुलें व अनाहूत पाहुणे घरीं यावयाचे; आणि स्वयंपाकघरांत काय शिल्लक आहे याची चौकशी मागाहून व्हावयाची. हें सर्व आपणांस कळतें तें लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथावरून. त्या ग्रंथांत पतीची निंदा नाहीं. विनोद आहे, प्रेम आहे, मधूनमधून संतापही आहे. पण वाचकाच्या ध्यानांत हळूहळू येऊं लागतें कीं, दान टिळकांचें असलें तरी चूल लक्ष्मीबाईंची होती. टिळकांच्या श्रद्धेची कसोटी ज्या दिवशीं लागे, त्या दिवशीं पीठमिठाचा हिशेब दुसऱ्याच कोणाला तरी जुळवावा लागे.

यावर कोणी म्हणेल, घरच्यांची संमति घेऊनच द्यावयाचें असें ठरलें, तर जगांत कोणीही कांहीं देणार नाहीं. कारण व्यवहारज्ञान कधींच संमति देत नाहीं. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. टिळकांनीं आणलेल्या मुलांस लक्ष्मीबाईंनींच आईची माया दिली, आणि ती नाइलाजानें दिली असें त्यांचा ग्रंथ वाचून कोणासही वाटणार नाहीं. म्हणजे ज्या औदार्याबद्दल त्या कुरकुरल्या, त्याच औदार्यानें त्यांसही मोठें केलें. तरीसुद्धां, दुसऱ्यास मोठें करण्याकरितां त्याच्या ताटांतील अन्न उचलण्याचा हक्क आपणांस कोणी दिला, हें विचारावयाचें राहतेंच.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण येथें फार उपयोगी आहे. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांनीं कोणापाशींही वर्गणी न मागतां हजारों अनाथ मुलें सांभाळलीं; त्यांचा वृत्तान्त रमाबाईंनीं वाचला होता, व त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. अमेरिकेंतील मंडळानें दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी 1898 च्या सुमारास संपली. तत्पूर्वींच, 1896 च्या दुष्काळांत, मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों मुली केडगांवास आणल्या होत्या. 1900 च्या दुष्काळानंतर तर मुक्ति सदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या मुलींच्या रोजच्या भाकरीसाठीं त्या प्रार्थना करीत. पण त्याबरोबर त्यांनीं विहिरी खणविल्या, मळे लावले, छापखाना घातला, मुलींस विणकाम शिकविलें. शिवाय 'मुक्ति प्रेअर बेल' हें त्यांचें पत्रक परदेशांतील हितचिंतकांकडे जात असे, हेंही विसरतां कामा नये. देवापाशीं केलेली विनंति माणसांच्याही कानीं पडत होती. यांत आम्हांस ढोंग दिसत नाहीं. दोन हजार मुलींची भूक जिच्या शिरावर आहे, तिनें विहीर न खणतां केवळ पावसाची वाट पाहणें ही श्रद्धा नव्हे, आणि रमाबाईंस तें नीट कळत होतें.

ख्रिस्ती मंडळीबाहेरही हा प्रश्न किती खरा आहे तें पाहण्यास पुन्हां पेणकडे यावें. टिळकांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षीं, 11 सप्टेंबर 1895 रोजीं, पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं विनोबा भावे जन्मले. त्यांनीं आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. घरीं फणस कापला कीं आई गरे प्रथम शेजाऱ्यांकडे पाठवी, आणि मग मुलांनीं खावयाचे. या मुलानें पुढें बायबलाचा अभ्यास करून 'ख्रिस्त-धर्म-सार' संपादिलें, आणि 1951 पासून देशभर पायीं फिरून भूदान मागितलें. 1956 सालीं विनोबांनीं भूदानाच्या कार्यास गांधी निधीच्या मदतीपासून मुक्त केलें. चळवळीनें लोकांच्या आधारावरच जगावें, असा त्यांचा आग्रह होता. टिळकांनीं मिशनचा पगार सोडला, त्याच जातीचें हें कृत्य. विनोबा ब्रह्मचारी होते आणि त्यांचा आहार अगदीं थोडा होता, त्यामुळें त्यांचें कांहीं अडलें नाहीं. पण बायकामुलें असलेल्या कार्यकर्त्यांपुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला. फणसाचे गरे वांटतांना निदान सर्व मुलें एकत्र थांबत असत.

रोह्यास 1920 सालीं जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनीं 'योगेश्वर कृषि' काढून यावर एक उपाय योजिला, असें म्हणतां येईल. गांवकऱ्यांनीं पाळीपाळीनें एका शेतांत थोडे थोडे दिवस राबावें, पीक देवाचें मानावें आणि त्यांतून गरजूस गुपचूप द्यावें. उजव्या हाताचें दान डाव्यास कळूं नये, ही ख्रिस्ताची अट येथें आपोआप पाळली जाते, आणि कोणा एकाची चूलही विझत नाहीं.

परंतु या भागांत ही कल्पना त्याहून फार जुनी आहे. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालवीत, आणि शब्बाथ पाळून शनिवारीं तो बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. पेणकर, रोहेकर हीं त्यांचीं आडनांवें. आज त्यांचीं बहुतेक कुटुंबें इस्राएलांत किंवा मुंबई-ठाण्याकडे गेलीं आहेत. ख्रिस्तानें रोजची भाकर मागावयास शिकविलें तें याच लोकांच्या शास्त्रांतून: अरण्यांत आकाशांतून पडणारा मान्ना दररोज त्या दिवसापुरताच वेंचावयाचा, सांठविला तर किडे पडत; फक्त सहाव्या दिवशीं दुप्पट वेंचावयाचा, म्हणजे सातव्या दिवशीं विसांवा घेतां येई. भरंवसा आहे, पण शुक्रवारची तयारीही आहे. आणि ख्रिस्ताच्या त्या प्रार्थनेंत भाकर मागावयाची ती 'मला' नव्हे, 'आम्हांस' अशी मागावयाची.

हातावर पोट असलेल्या तेल्यास आठवड्यांतील एक दिवसाची कमाई सोडणें सोपें नव्हतें. पण ती एकट्या धन्यानें सोडलेली नसे. त्या आज्ञेंत मुलगा, मुलगी, चाकर, दारचा परका आणि बैल, सर्वांचीं नांवें घेतलेलीं आहेत. शुक्रवारीं सूर्य मावळला कीं घाणा थांबे, घरांतील बायकांचें कामही थांबे, आणि दिवसभर एकाच जागीं फिरलेल्या बैलाचें जूं उतरे.