यानात जागा कुणाला?

अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस शेल्डन ‘जेम्स टिपट्री ज्युनियर’ या पुरुषी नावानं विज्ञानकथा लिहीत. १९७३ सालच्या त्यांच्या ‘द विमेन मेन डोन्ट सी’ या कथेत आई आणि तिची तरुण मुलगी परग्रहवासीयांबरोबर पृथ्वी सोडून जातात. निवेदक पुरुष आहे. या बायकांना इथं काय कमी होतं, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. पृथ्वी तर धडधाकट असते! पण जग सगळ्यांसाठी एकाच दिवशी मरत नाही. ज्या शेतात जन्म गेला त्याच्या सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, तिच्या पायाखालची जमीन प्रलयाआधीच गेलेली असते.

न दिसणाऱ्या बायका आपल्या इतिहासातही आहेत. गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ या एका दिवसामुळे. शिवाजी महाराजांचे सरनौबत प्रतापराव गुजर आणि सहा स्वार आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, सातही जण कामी आले. त्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण आपण गोष्ट तिथंच थांबवतो, हे मला सलतं. त्या सात घरांतल्या बायकांचं पुढे काय झालं? प्रतापरावांची लेक जानकीबाई राजाराम महाराजांची राणी झाली, एवढं इतिहास सांगतो. सरनौबती हंबीरराव मोहित्यांकडे गेली आणि त्यांच्या लेकीनं, ताराबाईंनी, पुढे कोल्हापूरची गादी उभी केली.

आणि संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई. १६८९ मध्ये महाराजांची हत्या झाली, रायगडाला मोगलांचा वेढा पडला. येसूबाईंनी दीर राजारामांना गडाबाहेर काढलं आणि लहानग्या शाहूसह स्वतः मागे राहिल्या. त्याच वर्षी गड पडला आणि त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. त्या सुटून आल्या १७१९ मध्ये. गड पडल्यानंतरची पहिली काही वर्षं राज्य राजारामांबरोबर दूर जिंजीत तगलं. बुडत्या जगातून कुणाला बाहेर धाडायचं, हा विज्ञानकथेतला सर्वांत अवघड प्रश्न इथं एका बाईनं सोडवला आणि जाणाऱ्यांत स्वतःला धरलं नाही. हा त्याग थोर खराच. पण प्रत्येक वेळी मागे राहणं तिच्याच वाट्याला का यावं?

आता विज्ञानकथेतल्या यानाकडे येऊ. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. त्याच्याभोवती ग्रह असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षं. व्हॉयेजर-१ यानाच्या वेगानं, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर, तिथं पोहोचायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील; म्हणजे तीन हजार पिढ्या, वाटेतच जन्मणाऱ्या. अवकाशात आजवर एकही मूल जन्मलेलं नाही. मंगळावरचं गुरुत्व पृथ्वीच्या अवघं ३८ टक्के. तिथं गर्भाची हाडं कशी घडतील, कुणालाच माहीत नाही. यानाच्या इंजिनावर पानंच्या पानं लिहिणारे विज्ञानकथालेखक बाळंतपण एका ओळीत उरकतात. अशा यानात बाई प्रवासी असते की मानवजात टिकवण्याचं साधन?

जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले. त्यांनी मराठी विज्ञानकथेला खगोलशास्त्राचा भक्कम पाया दिला. त्या पायावर मला एक कथा वाचायची आहे. तिची नायिका नेसरीच्या परिसरातली शेतकरीण असावी. आजऱ्याच्या घनसाळ भाताचं बी राखेत जपून ठेवणं तिला येतं, म्हणून यानासाठी तिची निवड व्हावी. बी कुठलं न्यायचं, बरोबर कोण येणार आणि यानात मुलं जन्माला घालायची की नाही, हे तिनं ठरवावं. ‘मी येत नाही, बी मात्र देते’ असं ती म्हणाली, तर तेही लेखकानं मान खाली घालून लिहावं.