पात्याला कानस कोण लावणार होतं?

पोरांनो, बसा. माझं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

हजार खुरप्यांची ऑर्डर तुम्ही मोबाइलवरच्या फोटोखाली 'ओके' लिहून मंजूर केली. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली तुमची कंपनी, पात्यावर 'कळंब' असा ठसा, निम्मे पैसे आगाऊ. कुरियरने आलेला नमुना काल तुमच्या टेबलावर पाहिला, तो अजून पिशवीतच होता. मंजुरी देऊन झाली आणि पिशवीला कात्रीही लागलेली नाही! ठशातल्या 'ळ'चा आकार मात्र तुम्ही तीनदा बदलून घेतलात. मूठ हिरवी की पिवळी, यावर संध्याकाळभर चर्चा केलीत.

पिशवी मी फोडली. धारेवर कानस फिरवली. पाणी दिलेल्या पात्यावरून कानस घसरते, आणि ही सरळ चावली. भुगा माझ्या बोटांना लागला. मग पातं ग्राइंडरवर धरलं, तर लांब सरळ ठिणग्या पडल्या, टोकाला फुटणारी फुलं जवळजवळ नाहीत. म्हणजे माइल्ड स्टील. त्यात कार्बन जेमतेम पाव टक्का. अशा लोखंडाला कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. टिकणाऱ्या धारेला अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन लागतो. हे तुम्ही याच कार्यशाळेत माझ्यासमोर उभं राहून शिकलात. वहीत लिहून घेतलंत. मग गरज पडली तेव्हा विसरलात कसे?

ठसा कुठे मारलाय तो पाहा. पातं जिथे वाकून मुठीकडे वळतं, नेमकं त्या मानेवर. काम करताना सगळा जोर तिथेच येतो, आणि खोल ठशाच्या कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. अक्षरं फोटोत ठळक दिसावीत म्हणून जागा तुम्हीच सुचवलीत, असं कळलं. ठसा पात्याच्या रुंद भागात हवा, धारेपासून लांब, आणि पाणी देण्याआधी मारलेला. शेंबीही सैल आहे. मूठ दोनदा दगडावर आपटली तर शेंबी बोटाने फिरली.

याचा भार कोणावर पडणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. पावसाने उघडीप दिली की पऱ्हाटीच्या ओळीत उकिडव्या बसून दिवसभर निंदण करणाऱ्या बायकांवर. धार गेली की हराळी तुटत नाही, ती ओढावी लागते, आणि मनगट सुजतं. काम गुत्त्याने घेतलं असेल तर मजुरीही बुडते. त्यातल्या काही तुमच्या स्वतःच्या आया-मावश्या आहेत. निदान एकीच्या हातात हे खुरपं आधी द्यायला नको होतं का?

आपल्या वर्ध्याच्या रस्त्यावर गांधी-विनोबांची नावं सांगत फिरता ना, मग 1929 सालची गोष्ट ऐका. गांधींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी कशा होत्या? झोपडीत चालावा, बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. अवजार वापरणाऱ्या हातापासून मागणी सुरू झाली होती. अटींत पुरेपूर बसणारं यंत्र आलं नाही, म्हणून बक्षीस कोणालाच दिलं गेलं नाही. लाख रुपये राहिले, पण अट सैल केली नाही. तुमच्या ऑर्डरच्या कागदावर लांबी, रंग आणि अक्षरं आहेत. पोलादाचा प्रकार नाही, कडकपणा नाही, वजन नाही.

"माल खराब आला तर परत करू," असं काल म्हणालात. कशाच्या जोरावर? 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 17 वाचा. माल नमुन्याबरहुकूम हवा आणि तो ताडून पाहायची वाजवी संधी खरेदीदाराला मिळायला हवी, असं ते सांगतं. मऊ नमुना मंजूर केलात, तर हजारही मऊ येतील आणि ते नमुन्याबरहुकूमच असतील. वाजवी तपासणीत न दिसणाऱ्या दोषापासून कायदा तुम्हाला वाचवतो. पण हा दोष कानशीच्या एका घासात दिसतो. तो न दिसल्याचं कोणत्या तोंडाने सांगाल?

म्हणून आज, आत्ता, खुरपी बनवणाऱ्यांना फोन करा आणि काम थांबवायला सांगा. फोन झाला की लेखी पाठवा. नवे नमुने मागवा, एक नाही, निदान सहा. ते कारागिराने हाताने घडवलेले देखणे नग नकोत. हजार नग ज्या साच्यातून आणि ज्या भट्टीतून निघणार, त्यातूनच निघालेले हवेत. दोन मी मोडून बघणार आहे. दोन आठवडाभर शेतात जातील, काळ्या मातीत, आणि ते चालवणाऱ्या बायका जे सांगतील ते शब्दशः लिहून आणायचं. उरलेल्या दोनांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन लाखेचं सील लावायचं, एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. माल उतरला की वरचं खोकं उघडून समाधान मानायचं नाही. भारतीय मानक आयएस 2500 प्रमाणे, सर्वसाधारण पातळीच्या तपासणीला, 501 ते 1200 नगांच्या लॉटमधून 80 नग काढतात. ते सगळ्या खोक्यांतून काढायचे आणि सीलबंद नमुन्याशेजारी ठेवून तपासायचे. तोवर बाकीचे पैसे द्यायचे नाहीत.

उशीर होईल, मृग निघून जाईल, म्हणाल. जाऊ द्या. या हंगामात बायका जुनी खुरपी लोहाराकडून शेवटून घेतील आणि काम निभावतील. ऑर्डरचा कागद माझ्याकडे द्या, पोलादाचा रकाना आधी भरू. आणि तू, उठ, तो फोन लाव. माझ्यासमोर बोल.