वाड्यात शब्द कुणाचा चालतो?

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 1985 साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून प्रेक्षक धरणगावकर देशपांड्यांच्या घरात गुन्हेगार शोधत आले आहेत. कुणाला थोरला भास्कर लोभी वाटतो, कुणाला मुंबईला गेलेला सुधीर स्वार्थी वाटतो, आणि दागिने घेऊन मास्तराबरोबर पळालेल्या भास्करच्या मुलीला, रंजूला तर क्वचितच कुणी माफ करतो.

मला हा शोधच अपुरा वाटतो. घरप्रमुख तात्याजींच्या मृत्यूनंतर घर मोडत जाते, पण ते मोडायला सुरुवात त्यांच्या हयातीतच झालेली असते. त्यांच्या मुलीला, प्रभाला शिकायचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. धाकटा चंदू स्वतःच्याच घरात गड्यासारखा राबतो. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. या घरात मालमत्ता सर्वांची आणि निर्णय एकाचा. खरा रोग हा आहे.

त्या काळचा कायदाही या रोगाला पोषकच होता. 1956च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस मानले, पण कलम 23ने राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क तिला दिला नाही. घरातले पुरुष वाटणीला तयार होईपर्यंत तिने थांबायचे. अविवाहित असेल तर त्या घरात राहायचे, एवढेच. प्रभाची कोंडी अशी कायद्याच्या पुस्तकातही लिहिलेली होती. ते कलम 2005 साली रद्द झाले.

देवळासमोरच्या मांडवात गावच्याच कलाकारांची मराठी नाटके पाहत वाढलेला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईचा प्रेक्षक हे नाटक वेगळ्या हिशेबाने पाहू शकतो. गोव्यात 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. मुलगा-मुलगी समान वारस. मृत्युपत्र केले तरी मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक; म्हणून घर विकायचे तर बायकोचीही सही हवी. वारसा आणि वाटणीचे हे नियम 2012च्या गोव्याच्या कायद्यातही कायम राहिले. सत्तरी तालुक्यातल्या भास्करला वाड्याचा दगडही बायकोला आणि बहीण प्रभाला वगळून विकता आला नसता.

मग आपले वाडे सुखी आहेत का? तसे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. बहिणीचा हक्क कागदावर आहे. पण माहेर तुटेल या भीतीने ती तो सोडून देते, आणि त्या सोडण्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. बायकोची सही लागते म्हणून कागद तिच्यापुढे येतो, पण व्यवहार ठरताना तिला बोलावले जात नाही. कायद्याने वाटा दिला; बोलण्याचा अधिकार मात्र घरानेच द्यायचा असतो, आणि तो आपण दिलेला नाही.

म्हणूनच या नाटकाविषयीच्या प्रेक्षकांच्या मतांना मी मोल देतो. ज्याला रंजूचा राग येतो, त्याने त्या मुलीला पळण्यावाचून कुठला रस्ता उरला होता, हेही विचारावे. जो भास्करला दोष देतो, त्याने आपल्या घरची शेवटची वाटणी कुणी ठरवली, ते आठवावे. नाटकावरचे मत घरच्या व्यवहारापर्यंत पोहोचले, तरच ते मत. बहिणीपुढे कागद ठेवण्याआधी तिला तिच्या वाट्याची किंमत सांगा, तिचे म्हणणे ऐका, आणि ती ‘नाही’ म्हणाली तरी माहेरचे दार तिला उघडे ठेवा. घराणे टिकवायचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.