विसर पडला तरी



आजी रोजरीचे तेच रहस्य पुन्हा सुरू करते. आजोबा मिस्साहून परतताना रोजची वाट चुकतात. आपण हसतो, कधी खेकसतो आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. सिराखच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय मात्र बजावतो, की बापाची बुद्धी मंदावली तरी मुलाने त्याला समजून घ्यावे, तुच्छ लेखू नये.

समजून घेणे म्हणजे वेळीच डॉक्टरांकडे नेणे. ‘मिनी-कॉग’ ही चाचणी साधारण ३ मिनिटांची असते. ३ शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढून काटे दाखवायचे, मग ते शब्द पुन्हा सांगायचे. हे रोगनिदान नव्हे. पुढील तपासणी हवी का, एवढेच त्यातून कळते. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने कमी होऊ शकतो. डिमेन्शिया निघाला, तर तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. पण पुढची व्यवस्था त्यांना विचारून, त्यांच्या इच्छेने करता येते.

फसवून नेऊ नका. चारचौघांत त्यांची परीक्षा घेऊ नका. ‘आई, मीही बरोबर येतो’ एवढेच म्हणा.

तिनेच आपला चिमुकला हात धरून क्रूसाची खूण शिकवली, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. उद्या कदाचित ती आपले नाव विसरेल. देव तिचे नाव विसरणार नाही. आपणही तिला विसरू नये. आमेन.