नाव पाण्यांत घालावी कीं नाहीं?

धैर्य आणि अविचार यांच्यामधील सीमारेषा पुस्तकांत जितकी ठळक दिसते तितकी ती व्यवहारांत दिसत नाहीं. तिची चर्चा रणांगणाचें उदाहरण घेऊन करण्याची जुनी वहिवाट आहे. परंतु रणांगणावर जाण्याचा प्रसंग आपल्यापैकीं फारच थोड्यांवर येतो. म्हणून येथें एक साधें, वरवर खेळकर वाटणारें उदाहरण घेतों: हिवाळ्याच्या सकाळीं थेम्स नदीवर निघूं पाहणारी आठ वल्हेकऱ्यांची शर्यतीची नाव.

आपल्याकडील वाचकाला प्रथम एक विरोध ध्यानांत घ्यावा लागेल. पुण्यास मुळामुठेच्या संगमाजवळ वल्हीं मारणाऱ्या मुलांना नदीचें भय असतें तें आषाढ-श्रावणांत. मार्गशीर्ष-पौषांत आपली नदी निमूट वाहते. थेम्सची गोष्ट उलटी. तिकडे पाऊस बारा महिने पडतो. उन्हाळ्यांत झाडें आणि कोरडी जमीन पुष्कळसें पाणी पिऊन टाकतात. हिवाळ्यांत जमीन आधींच तुडुंब भिजलेली असल्यामुळें पडलेलें पाणी नदीकडे धांव घेतें. तेंहि लगेच नव्हे. वरच्या अंगाला कॉट्सवोल्डच्या टेंकड्यांवर पडलेला पाऊस खालीं पोंचावयास वेळ लागतो. त्यामुळें आकाश निरभ्र, कोंवळें ऊन पडलेलें, आणि पाणी मात्र चढत चाललेलें, असा देखावा तेथें नवलाचा नाहीं. डोळ्यांना प्रसन्न वाटणारी सकाळ ही नदीविषयींची साक्ष नव्हे, हा पहिला धडा तेथील नवशिक्यास घ्यावा लागतो.

भरतीचें पाणी जेथपर्यंत पोंचतें त्या टेडिंग्टनच्या वर, लॉकच्या दारांवर नदीचें खातें फलक लावतें. लाल फलक लागला कीं कोणत्याहि नावेनें जाऊं नये. पिवळ्या फलकावर ओघ वाढत असल्याची सूचना असेल तर वल्ह्यांच्या नावांनीं निघूं नये. ओघ उतरत असल्याची सूचनाहि पिवळ्याच फलकावर असते. गंमत अशी कीं, हा सल्ला आहे, हुकूम नव्हे. पुष्कळ क्लब तो हुकूमासारखा पाळतात. तरी शब्द सल्ल्याचेच आहेत, आणि मला ते योग्य वाटतात. कारण फलक केवळ नदीविषयीं बोलतो. नावेंत कोण बसलें आहे, सुकाणू कोणाच्या हातीं आहे, काल रात्रीं वाहून आलेला ओंडका कोणत्या वळणावर अडकला आहे, हें त्या फळीला कोठून ठाऊक असणार?

या नावेची रचनाहि विचार करण्याजोगी आहे. लांबी सुमारें १८ मीटर, रुंदी दीड हातहि नाहीं. आठहि वल्हेकरी जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतात. पुढचें पाहण्याचें काम एकट्या सुकाणूदाराचें. अशी नाव वळवावयास एक मिनिट लागलें, आणि ओघ सेकंदाला एक मीटर असला, तर वळून होईपर्यंत ती ६० मीटर खालीं गेलेली असते. खालीं बंधारा असेल तर हे ६० मीटर म्हणजे काय तें सांगावयास नको. शिवाय ओघाचा वेग दुप्पट झाला कीं अडलेल्या वस्तूवरील त्याचा दाब चौपट होतो. “जरा पाणी वाढलें आहे, इतकेंच” असें म्हणणारा माणूस खोटें बोलत नाहीं. पण त्याचें गणित चुकतें. आणि नाव उलटलीच, तर थंडगार पाण्यांत पहिल्या मिनिटांत श्वास ताब्यांत राहत नाहीं, दहाएक मिनिटांत बोटें पकडेनाशीं होतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचीहि हीच गत होते.

आतां मूळ प्रश्न. समजा, ओघ वाढत असतांना एक चमू निघाला आणि हंसतखेळत परत आला. त्याचा निर्णय बरोबर होता काय? बहुतेक लोक होकार देतील; निदान मनांतल्या मनांत देतील. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज विद्वानानें १८७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण घेतलें आहे. जहाज जुनें झाल्याची शंका दडपून, पूर्वीच्या सफरींचा दाखला देत, तो प्रवाशांना समुद्रावर पाठवितो. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी मालकाचा अपराध तिळमात्र कमी झाला नसता. फक्त तो उघडकीस आला नसता. हें मत कठोर आहे, पण नदीकांठीं तें मला तंतोतंत लागू पडलेलें दिसतें. १९१२ सालीं ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतींत दोन्ही नावा पाण्यानें भरून बसल्या. शर्यत पुन्हां घ्यावी लागली, आणि ती हकीकत आज गंमत म्हणून सांगितली जाते. डिसेंबर २००० मध्यें स्पेनमधील एब्रो नदीवर ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची नाव अशीच भरली आणि त्यांतील एक तरुण बुडून मरण पावला. त्यानंतरच नावेच्या पोटांत बंद हवेचे कप्पे असावेत या मागणीला जोर आला. सुखरूप परतलेल्यांच्या गोष्टी जमत जातात, आणि त्यांनाच आपण अनुभव म्हणूं लागतों.

यावर आक्षेप येईल कीं, अशा विचारानें कोणी नदींत उतरणारच नाहीं. हा आक्षेप पोकळ नाहीं. मोठी शर्यत वसंताच्या आरंभीं होते. तिची तयारी हिवाळ्यांतच व्हावयाची. ओघाला कधींच तोंड न देणारा सुकाणूदार ओघ ओळखावयास शिकणार तरी कसा? ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, आचाराच्या बाबतींत, वैद्यकांत आणि नौकानयनांत असतें त्याप्रमाणें, प्रसंगाला काय उचित हें कर्त्यानेंच पाहावें लागतें. तें खरें, परंतु कर्ता कोण? कांठावर सायकलीवरून जाणारा शिक्षक निर्णय घेतो, आणि पाण्यांत पडावयाचें असतें तें अठरा वर्षांच्या नवख्या मुलीला. तिनें “मी तयार आहें” म्हटलें, तरी ओघ कधींच न पाहिलेल्या माणसाच्या संमतीची किंमत ती किती! स्वतःच्या एकट्याच्या नावेंत बसून कोणी थोडा धोका पत्करला तर मी त्याच्याशीं फार हुज्जत घालणार नाहीं. आठांच्या नावेंत मात्र माप घ्यावयाचें तें सर्वांत बळकट वल्हेकऱ्याचें नव्हे, सर्वांत कच्च्या वल्हेकऱ्याचें; आणि सुकाणूदार “नको” म्हणाला तर त्याच्याकडून कारण वदवून घेण्याचा आग्रह धरूं नये. कारण शब्दांत सांगतां न येणारी पुष्कळ माहिती त्याच्या हाताला असते.

लाल फलकाचा दिवस सोपा असतो. अवघड दिवस येतो तो पिवळ्या, उतरत्या ओघाचा. चार दिवस वाया गेलेले, शर्यत जवळ आलेली, पलीकडच्या क्लबाची नाव पाण्यांत गेलेली. धक्क्यावर गाळाचा थर, मध्यें कोठेंतरी बर्फाचा पातळ पापुद्रा. अशा वेळीं जाणता शिक्षक एक काडी ओघांत टाकून दोन खांबांमधलें अंतर ती किती वेळांत कापते हें घड्याळावर पाहतो, आणि मग स्वतः कांहीं न बोलतां प्रथम सुकाणूदाराला विचारतो.